आक्रमक डेक आणि टेम्पो डेक

‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या द्वंद्वखेळातील दोन डावपद्धती. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू स्वतः जुळवलेली किमान ६० पत्त्यांची जुडी, म्हणजे डेक, घेऊन बसतो आणि समोरच्याचे २० लाइफ शून्यावर आणू पाहतो. पत्ता खेळायला माना ही ऊर्जा लागते. ती मुख्यतः जमिनीच्या पत्त्यांतून मिळते आणि एरवी एका पाळीत एकच जमीन मांडता येते. त्यामुळे सुरुवातीच्या पाळ्यांत प्रत्येकाचा हात आखडलेला असतो. दोन्ही पद्धती नेमका हाच काळ साधतात.

आक्रमक डेकचा हिशेब सरळ आहे. लाल रंगाचा ‘लायटनिंग बोल्ट’ एका मानात ३ लाइफ घटवतो. असे सात बसले की डाव संपला. बोल्ट मात्र डेकमध्ये चारच ठेवता येतात, म्हणून उरलेला मारा स्वस्त, लहान प्राण्यांनी भरून काढायचा. १९९६ मध्ये पॉल स्लाय यांनी अटलांटातील पात्रता स्पर्धेत जे श्नायडर यांच्या कल्पनेची लाल जुडी खेळली. तिच्यातले कित्येक पत्ते सुटे पाहिले तर अगदी सामान्य होते. खरी करामत प्रमाणात होती : एका, दोन, तीन मानाचे पत्ते असे बेतलेले, की कोणत्याही पाळीत माना पडून राहू नये. हा खेळ शिकणाऱ्याने सर्वांत आधी अभ्यासावी अशी ही जुडी आहे.

टेम्पो डेक स्वतः धावण्याइतकेच समोरच्याला थांबवण्यावर भर देतो. प्रतिस्पर्ध्याने पाच माना खर्चून मोठा प्राणी उतरवला आणि तुम्ही एका मानाच्या ‘अनसमन’ने तो त्याच्या हातात परत पाठवला, तर तुमचा एक पत्ता गेला, पण त्याची अख्खी पाळी गेली. ही उसंत अर्थात उसनी असते. ती फेडायची वेळ येण्याआधी डाव जिंकावा लागतो. २०११ मधील ‘डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स’ त्यासाठीच नावाजला. एका मानाचा हा प्राणी, त्याचे रूप पालटले की, उडतो आणि दर हल्ल्याला ३ लाइफ घेतो. म्हणजे इथेही घाव सातच, पण ते एकट्याने घालायचे. मागे राहून समोरच्याचे पत्ते रोखणारे ‘डेझ’सारखे पत्ते त्याची पाठराखण करतात.

हे दोन डेक समोरासमोर आले की टेम्पोची अडचण होते. ज्याचे बहुतेक पत्ते स्वस्त, त्याचा वेळ वाया घालवून कमाई ती काय? शिवाय डेल्व्हरसाठी एक बोल्ट पुरतो. मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ च्या ‘हूज द बीटडाउन’ या लेखात दाखवले, की अशा लढतीत मारणारा कोण आणि सावरणारा कोण हे ओळखण्यात चूक झाली की डाव हातचा जातो. इथे टेम्पो खेळाडूने आधी सावरावे, समोरचे प्राणी संपवावेत आणि नंतरच हल्ला चढवावा. ‘फोर्स ऑफ विल’ हा निळा पत्ता माना न देता प्राण्यासह कोणताही मंत्र रोखतो, पण त्यासाठी हातातला आणखी एक निळा पत्ता आणि एक लाइफ द्यावे लागते. एका मानाच्या प्राण्यापायी दोन पत्ते घालवणे परवडत नाही, म्हणून पहिल्या डावानंतर १५ राखीव पत्त्यांच्या साइडबोर्डमधून बदल करताना टेम्पो खेळाडू बहुधा तोच बाहेर काढतो.