तहहयात नेमणुकीची कुळकथा

आयुष्यभराच्या मिळकतीतून साठवलेली रक्कम निवृत्तीच्या दिवशी हाती येते, तेव्हा तिच्यासंबंधी पहिला प्रश्न बहुधा ‘व्याज किती सुटेल’ असाच विचारला जातो. परंतु ही रक्कम किती वर्षे पुरवावयाची आहे हा त्याहून कठीण प्रश्न असतो, कारण बँकेतल्या ठेवीला मुदत असते, आयुष्याची मुदत मात्र कोणी लिहून दिलेली नसते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मनुष्याने जो करार घडविला तो म्हणजे वार्षिकी: एकरकमी मोल घेऊन, घेणारा हयात असेतोवर त्याला ठरलेली नेमणूक देत राहण्याचा करार. विमा कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून ‘पेन्शन योजना’ या नावाने ती आज घरोघर पोहोचली असली, तरी तिचे कूळ थेट रोमन कायद्याला जाऊन भिडते. आणि ते कूळ पाहिल्याखेरीज तिचे गुणदोष नीट पारखता येणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोमन गृहस्थ मृत्युपत्रात पुष्कळदा आपल्या वृद्ध दाईला, मुक्त केलेल्या गुलामाला किंवा विधवा आप्तेला तहहयात अन्नवस्त्राची तरतूद लिहून ठेवीत असे. पुढे इ. स. पूर्व ४० मध्ये फाल्किदियाचा कायदा झाला आणि देणग्या कितीही लिहिल्या तरी मिळकतीचा किमान चौथा हिस्सा मुख्य वारसाच्या हाती राहिलाच पाहिजे, असे ठरले. आता प्रश्न असा उभा राहिला की, जी देणगी दरवर्षी द्यावयाची आहे आणि किती वर्षे द्यावी लागेल हे ठाऊक नाही, तिचे आजचे मोल कसे धरावे? तिसऱ्या शतकातील विधिज्ञ उल्पियान याच्या नावाचे एक कोष्टक या प्रश्नाचे उत्तर देते. ते एमिलियुस माकेर या दुसऱ्या विधिज्ञाच्या ग्रंथातून इ. स. ५३३ च्या जस्टिनियनच्या विधिसंग्रहात उतरले आणि म्हणून वाचले. वीस वर्षांपर्यंतच्या मनुष्याची देणगी ३० वर्षांची धरावी, पस्तीस ते चाळीस वयाच्या मनुष्याची २० वर्षांची, आणि साठी ओलांडलेल्याची अवघ्या ५ वर्षांची, असा त्याचा क्रम होता. वयानुसार तहहयात नेमणुकीचे मोल बदलते, ही मूळ कल्पना या कोष्टकात पुरती उमललेली आहे. पुढील हजार वर्षांहून अधिक काळ युरोपातील खजिने नेमकी हीच गोष्ट विसरून व्यवहार करीत राहिले.

मध्ययुगात ख्रिस्ती धर्मपीठाने व्याजाला पाप ठरविले होते, आणि तरीही तटबंदी बांधण्यासाठी व युद्धे लढण्यासाठी नगरांना पैसा हवाच असे. तेराव्या शतकात उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्समधील नगरांनी यातून वाट काढली: नगर कर्ज काढीत नसे, ते आपल्या उत्पन्नातील एक वार्षिक हिस्सा विकीत असे. घेणाऱ्याला मुद्दल परत मागण्याचा अधिकार नव्हता, म्हणून हे कर्ज नव्हे. आणि कर्ज नाही तेथे व्याज नाही. १४२५ मध्ये पाचवा मार्टिन आणि १४५५ मध्ये तिसरा कॅलिक्स्टस या पोपांनी अशा खरेदीला मान्यता दिली. या नेमणुका दोन जातींच्या असत: एक विकणारा परतफेड करीपर्यंत चालणारी, आणि दुसरी ज्याच्या नावावर लिहिली असेल त्याच्या प्राणाबरोबर संपणारी. दुसरीचा दर अर्थातच अधिक असे. पण तो दर तान्ह्या मुलीला आणि सत्तरीच्या वृद्धाला एकच असे. जाणत्या व्यापाऱ्यांनी याचा अर्थ चटकन ओळखला आणि ते नेमणुका आपल्या मुलाबाळांच्या नावे घेऊ लागले.

या चुकीवर प्रथम बोट ठेवणारा मनुष्य राज्यकर्ता होता, आणि तितकाच व्युत्पन्न गणितीही होता. योहान द वित हा हॉलंडचा मुख्य कारभारी. फ्रान्सबरोबरच्या युद्धाचे ढग जमू लागले असता, १६७१ च्या जुलैमध्ये त्याने एक निवेदन सादर केले. त्या वेळी हॉलंडमध्ये परतफेडीची नेमणूक वार्षिक रकमेच्या २५ पट किमतीला, म्हणजे शेकडा ४ च्या दराने विकली जाई, आणि तहहयात नेमणूक १४ पट किमतीला. निरनिराळ्या वयांतील मरणाच्या संभवाची गृहीतके मांडून आणि प्रत्येक सहामाहीच्या हप्त्याचे आजचे मोल काढून द वितने दाखविले की, निरोगी लहान मुलाच्या नावावरील नेमणूक निदान १६ पट किमतीची आहे. संभवाचे नवे शास्त्र आणि चक्रवाढ व्याजाचा जुना हिशेब यांची अशी सांगड त्यापूर्वी कोणत्याही राज्याच्या दफ्तरात घातली गेली नव्हती. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट १६७२ रोजी, हेग शहरात क्षुब्ध जमावाने द वितला त्याच्या भावासह ठार केले.

धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये हे काम पुढे नेले. ब्रेस्लाऊ येथील (हे नगर आता पोलंडमध्ये आहे) कास्पर नॉयमान या धर्मोपदेशकाने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतील जन्ममृत्यूंची टिपणे वयवार ठेवली होती. त्यांवरून हॅलीने कोणत्या वयाचे किती जण पुढच्या वयाला पोहोचतात याचे कोष्टक रचले, आणि शेकडा ६ व्याज धरून वार्षिक एक पौंडाच्या तहहयात नेमणुकीचे मोल काढले: दहा वर्षांच्या मुलाला १३.४४ पौंड, चाळिशीला १०.५७, साठीला ७.६०, सत्तरीला ५.३२. याच सुमारास इंग्लंडचा खजिना वयाचा विचार न करता कोणालाही ७ पट किमतीत, म्हणजे शेकडा १४ च्या दराने, तहहयात नेमणुका विकत होता. दहा वर्षांच्या मुलाच्या नावे घेणाऱ्याला अर्ध्या किमतीत माल मिळत होता. हॅलीने हे छापून दाखविले, तरी इंग्लंडचे सरकार वयाप्रमाणे किमती लावण्यास १८०८ साली तयार झाले. आणि तेव्हा जे कोष्टक हाती धरले ते मरणाचा अंदाज वाजवीपेक्षा अधिक करणारे होते, त्यामुळे खजिन्याला पुन्हा तोटाच झाला. जॉन फिनलेसन याने आकड्यांनी तो सिद्ध केला आणि १८२८ मध्ये ती विक्री थांबली.

फ्रान्सच्या राजाने याहून मोठी किंमत मोजली. त्याचा दर एका जिवावर वयनिरपेक्ष शेकडा १० होता. जिनिव्हाच्या सावकारांनी १७७० नंतरच्या काळात सुखवस्तू घरांतील तीस मुली निवडल्या. देवीचा रोग त्यांना येऊन गेलेला असे किंवा देवी टोचलेल्या असत, आणि वैद्यांनी त्यांची प्रकृती पारखलेली असे. या तिसांच्या नावावर घेतलेल्या नेमणुका एकत्र करून त्यांचे हिस्से विकले गेले, त्यामुळे एखादी मुलगी दगावली तरी तोटा तिसाव्या हिश्श्यापुरताच राही. आयुष्याची अनिश्चितता अशा रीतीने जवळजवळ जिंकली गेली. परंतु नेमणूक देणारा टिकेल की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. राज्यक्रांतीत हप्ते घसरत्या कागदी चलनात मिळू लागले, आणि १७९७ मध्ये सरकारने आपल्या ऋणाचा दोन तृतीयांश भाग बुडविला. मुली जिवंत होत्या, पण त्यांच्या आयुष्यावर आपली पुंजी लावून बसलेली जिनिव्हातील अनेक घराणी धुळीला मिळाली.

याच शतकात स्कॉटलंडमध्ये मात्र एक निराळा, आणि मला अतिशय आदरणीय वाटणारा, प्रयोग झाला. अलेक्झांडर वेब्स्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन धर्मोपदेशकांनी आपल्या व्यवसायबंधूंच्या विधवांसाठी १७४४ मध्ये निधी उभारला आणि कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञाकडून त्याचा हिशेब तपासून घेतला. विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड द्यावयाचे, ते राजाच्या मर्जीवर किंवा पुढच्या वर्गणीदारांच्या भरवशावर नव्हे, तर गुंतविलेल्या निधीच्या बळावर. १७६५ मध्ये निधीत ५८,३४८ पौंड असतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एक पौंड कमी भरला.

आपल्याकडे मराठी राज्यात विद्वान, देवस्थाने आणि आश्रित यांना गावच्या वसुलातून वर्षासने मिळत, परंतु ती देणगी असे, खरेदी नव्हे. तिचा पाया धर्म आणि सनद देणाऱ्याची मर्जी हा होता. तहहयात नेमणुकीचा मोठा करार मराठी इतिहासात आला तो दुःखाच्या प्रसंगाने. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन मालकमच्या स्वाधीन होताना राज्यावरचा हक्क सोडला, आणि मोबदल्यात ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या’ चरितार्थासाठी वर्षाला किमान आठ लक्ष रुपयांची नेमणूक पत्करली. ही रक्कम फार झाली, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठांना तेव्हाच वाटले होते. बाजीराव त्या वेळी ४३ वर्षांचे होते. हॅलीच्या कोष्टकाने पाहिले तर अशा नेमणुकीचे मोल वार्षिक रकमेच्या सुमारे दहापट, म्हणजे ऐंशी लाखांच्या आसपास येते. पण बाजीराव ब्रह्मावर्तास १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगले. साडेबत्तीस वर्षांत कंपनीने अडीच कोटींहून अधिक रुपये दिले, आणि त्याच शेकडा ६ च्या हिशेबाने १८१८ मधील त्याचे मोल चौदापट भरते. त्यानंतर दत्तकपुत्र नानासाहेबांनी नेमणूक पुढे चालविण्याची मागणी केली. ‘कुटुंब’ या शब्दाच्या आधारे अझीमुल्लाखानाला लंडनपर्यंत पाठविले. आणि नेमणूक बाजीरावांच्या जिवापुरतीच होती, असा निकाल डलहौसीने व कंपनीने कायम ठेवला. त्या निकालाची सल १८५७ च्या उठावापर्यंत पोहोचली. करारात कोणाच्या आयुष्यापर्यंत, या एका कलमाची संदिग्धता किती महाग पडू शकते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला आठवत नाही.

आज तेच कलम विमा कंपनीच्या अर्जावर पर्यायांच्या रूपाने छापलेले असते: केवळ स्वतःच्या हयातीपर्यंत, आपल्यामागे पतीला किंवा पत्नीला त्याच्या वा तिच्या हयातीपर्यंत, किंवा मृत्यूनंतर खरेदीची मूळ रक्कम वारसांना परत. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली, आणि साठलेल्या रकमेचा काही भाग वार्षिकीत घालणे हा त्या योजनेचाच भाग असल्यामुळे, हा अर्ज आता पुष्कळांच्या पुढ्यात येतो. अर्ज भरणारे बहुधा तिसऱ्या पर्यायाकडे ओढले जातात, कारण मुद्दल बुडू नये ही आपल्या घरांतील जुनी शिकवण आहे. पण वार्षिकीचे बळ नेमके कोठून येते ते पाहा. समान वयाच्या शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख रुपये एकत्र ठेवले, शेकडा ६ व्याज आले, आणि वर्षाअखेर चौघे निवर्तले असे धरा. तर एक कोटी सहा लाखांचे वाटेकरी शहाण्णव उरतात, आणि ठेवीत १,०६,००० झाले असते तेथे प्रत्येकाच्या खाती १,१०,४१६ रुपये जमा होतात. वय वाढते तसा हा लाभ वाढत जातो. मूळ रक्कम परत मागणारा हा लाभ सोडून देतो. मग त्याच्या हाती येते ते जवळजवळ निव्वळ व्याज, आणि ‘ठेवीपेक्षा यात काय जास्त मिळाले?’ अशी तक्रार तोच करतो. मुलांसाठी ठेवावयाचे ते वेगळे ठेवावे, आणि जोडीदाराच्या हयातीपर्यंतची नेमणूक घ्यावी, हे मला अधिक न्याय्य वाटते. वर्षाला एक हयातीचा दाखला देणाऱ्या वृद्धेच्या दृष्टीने तर त्याला पर्याय नाही.

महागाईचा प्रश्न मात्र खरा आहे. ठरलेली रक्कम वीस वर्षांनी पूर्वीइतका बाजार आणीत नाही, आणि मिळणाऱ्या नेमणुकीवर आयकरही लागतो. दरवर्षी शेकडा ३ ने वाढणारी वार्षिकी मिळते, पण तिचा आरंभीचा हप्ता बराच लहान असतो. म्हणून सगळी पुंजी एकाच दिवशी वार्षिकीत घालू नये. हॅलीच्या कोष्टकाप्रमाणे शंभर पौंड देऊन साठीत वर्षाला सुमारे १३.१६ पौंड मिळत आणि सत्तरीत १८.८०. आज माणसे अधिक जगतात म्हणून हे दर पुष्कळ खाली आले आहेत, तरी उशिरा घेणाऱ्याला अधिक मिळावे हा क्रम तोच आहे. तेव्हा साठीला रोजच्या अन्न-औषधापुरती नेमणूक घ्यावी, उरलेली रक्कम हाती ठेवावी, आणि तिचा पुढचा हिस्सा पासष्टी-सत्तरीत, त्या वेळचा दर व आपली प्रकृती पाहून, वार्षिकीत घालावा.