तात्पर्य कोणी काढायचे? रहिमतपूर-सातारा परिसरातील वाचनशिक्षणाचा मागोवा

मूल गोष्ट वाचते तेव्हा त्याला दोन कामे करावी लागतात, आणि दोन्ही अक्षरओळखीपेक्षा वेगळी असतात. पहिले काम अनुमानाचे, म्हणजे मजकुरात जे लिहिले आहे त्याच्या आधाराने न लिहिलेले ओळखण्याचे. दुसरे आशयसूत्र शोधण्याचे, म्हणजे पात्रे आणि प्रसंग बाजूला ठेवल्यावर कथेतून जो विचार उरतो तो पकडण्याचे. मराठी शाळेत या दुसऱ्या कामाला पूर्वापार ‘तात्पर्य काढणे’ म्हणतात. परंतु गेल्या दोनशे वर्षांच्या पाठ्यपुस्तकांकडे पाहिले असता असे दिसते की तात्पर्य बहुतेक वेळा पुस्तकाने किंवा गुरुजींनी काढले आणि विद्यार्थ्याने ते पाठ केले. हे काम विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे प्रयत्न कसे झाले आणि ते कोठे अडले, याचा माग सातारा जिल्ह्यात, विशेषतः रहिमतपूर, वाई, सातारा आणि फलटण या गावांच्या आधाराने, बऱ्यापैकी सलग काढता येतो.

कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे जुन्या बाजारपेठेचे गाव असून आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याची कबर आणि तिच्या जवळची मशीद यांमुळे ते इतिहासात परिचित आहे. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झाली. अशा पेठेच्या गावांत सरकारी शाळा येण्यापूर्वी पंतोजींच्या शाळा चालत. धुळाक्षरे, मोडीचा कित्ता, उजळणी, पावकी-निमकीचे पाढे आणि हिशेब हा त्या शाळांचा अभ्यास होता; व्यापारी आणि कुळकर्णी यांच्या मुलांना दप्तर सांभाळता यावे, एवढाच त्यांचा हेतू असल्यामुळे गोष्ट वाचून समजून घेणे त्यांच्या कक्षेत येतच नसे. गोष्टी मुलांच्या कानावर पडत त्या घरी, देवळात आणि कीर्तनात. नारदीय कीर्तनाची बांधणी येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्या पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्यातील विचाराचे निरूपण करतात आणि उत्तररंगात तोच विचार पटवणारे आख्यान लावतात, त्यामुळे श्रोत्याला आशय आधी मिळतो आणि कथा नंतर. कथेवरून आशयाकडे जाण्याची उलट वाट श्रोत्याला चालावी लागत नाही. मौखिक परंपरेचा हा क्रम पुढे छापील पुस्तकांत केवळ जागा बदलून आला: आशय कथेच्या आधी न येता कथेच्या शेवटी छापला जाऊ लागला.

याचा अर्थ आशय शोधण्याची साधने या समाजाजवळ नव्हती, असा मात्र नाही. न्यायशास्त्रात अनुमानाची चिकित्सा अत्यंत काटेकोरपणे झालेली आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, या प्रसिद्ध उदाहरणात धूर हा हेतू, म्हणजे दिसणारी खूण. आणि जेथे धूर तेथे अग्नी हा नेमाने आढळणारा संबंध, ज्याला व्याप्ती म्हणतात, तो पाहणाऱ्याच्या पूर्वज्ञानातून आलेला असतो. वाचणाऱ्या मुलाचे अनुमान याच दोन गोष्टींवर उभे असते: मजकुरातील खूण आणि त्याने जगात पाहिलेले संबंध. यांपैकी एक जरी नसली तरी उत्तर चुकते, किंवा ते केवळ तर्कट ठरते. ग्रंथाचा मुख्य आशय ठरवण्यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, सहा खुणा सांगितल्या. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट यांचा मेळ (उपक्रमोपसंहार), पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट (अभ्यास), इतरत्र न आढळणारे नवे सांगणे (अपूर्वता), शेवटी निष्पन्न होणारा परिणाम (फल), स्तुती किंवा निंदा करणारा प्रासंगिक मजकूर (अर्थवाद) आणि युक्तिवाद (उपपत्ती) या त्या खुणा होत. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य ठरवताना हीच कसोटी मराठी वाचकांना समजावून सांगितली. सातारा जिल्ह्यातील वाई येथे प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती यांनी मीमांसेचे अध्यापन केले आणि ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला. रहिमतपूरच्या शाळेत मूल इसापची गोष्ट वाचून शेवटचा बोध पाठ करीत होते त्याच काळात त्याच जिल्ह्यात तात्पर्य पुराव्याने ठरवण्याचे शास्त्र पंडितांच्या पातळीवर जिवंत होते. मात्र या दोन जगांत ये-जा नव्हती.

छापील बोधकथांचा प्रवास महाराष्ट्राबाहेर सुरू झाला. तंजावरात सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाले आणि श्रीरामपूर येथे वैजनाथ पंडित यांचे ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) व ‘हितोपदेश’ (१८१५) मोडीत छापले गेले. मुंबईत १८२२ मध्ये शालेय पुस्तके तयार करणारी सोसायटी स्थापन झाल्यावर सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ (दोन्ही १८२८) ही पुस्तके लिहिली, आणि मराठी मुलाला गद्य गोष्ट वाचायला मिळू लागली. इसापच्या कथांबरोबरच कथा संपताच बोध वेगळा सांगण्याची रीतही शाळेत रुजली. तिचा एक फायदा होता: कथा मनोरंजनापुरती नसून तिच्यातून काही उचलायचे असते, ही जाणीव तिने पक्की केली. तोटा असा की द्राक्षांपर्यंत न पोचलेला कोल्हा ती आंबट का म्हणतो, हा प्रश्न मुलापुढे उभा राहण्यापूर्वीच त्याचे उत्तर खालच्या ओळीत छापलेले असे.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले आणि मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली इयत्तावार वाचनपुस्तके तयार झाली. कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून मराठी गद्याला स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह यांची शिस्त लावली होती, आणि अनुमानाच्या दृष्टीने हा लहानसा वाटणारा बदल मोलाचा होता, कारण कोण बोलत आहे, कोठे थांबत आहे आणि विचारत आहे की सांगत आहे, हे आता पानावर दिसू लागले. मात्र शाळेची कामगिरी तपासण्याची पद्धत उलट दिशेने ओढत होती. डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना गावोगावी ‘दिपोटी’ म्हणत, वर्षाकाठी येऊन वाचन, शुद्धलेखन, कविता पाठ म्हणणे आणि गणित यांची परीक्षा घेत. न अडखळता वाचणे व शब्दांचे अर्थ सांगणे हेच वाचनाचे माप ठरे. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही मराठी शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण होऊन मास्तर झालेले बहुसंख्य शिक्षक याच मापाने घडले होते, त्यामुळे त्यांनी पुढच्या पिढीलाही तेच दिले.

विसाव्या शतकात पुस्तकांचे रूप पालटले. वासुदेव गोविंद आपटे यांच्या ‘आनंद’ मासिकाने १९०६ पासून मुलांना अभ्यासाबाहेरचे वाचन दिले आणि १९३० च्या दशकात आचार्य अत्रे यांनी प्राथमिक शाळांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. लंडनमध्ये शिक्षणशास्त्र शिकून आलेल्या अत्र्यांनी पाठातून उपदेशाचा सूर काढला आणि घरातले बोलणे आणले. त्यांचा ‘दिनूचे बिल’ हा पाठ या बदलाचा चांगला नमुना आहे. एक मुलगा केलेल्या कामांचे बिल आईच्या हाती देतो आणि आई त्याला उलट आपले बिल देते, एवढीच ही घटना. आईचे प्रेम मोजता येत नाही हा आशय मुलाने दोन बिलांची तुलना करूनच काढावा लागतो, कारण एका बाजूला कामे आणि पैसे आहेत, दुसऱ्या बाजूला कामे आहेत आणि मागणी नाही. खूण मजकुरात आहे, तर ती ओळखायला लागणारे पूर्वज्ञान प्रत्येक मुलाच्या घरात आहे. येथे पाठाच्या शेवटी बोध छापण्याची गरज उरत नाही. तरीही अनेक वर्गांत तो फळ्यावर लिहून दिला जात राहिला, यावरून पुस्तक बदलले तरी अध्यापनाची सवय आपोआप बदलत नाही, हे स्पष्ट होते.

याच काळात सातारा जिल्ह्यापुढे अधिक तातडीचा प्रश्न होता तो शाळेपर्यंत पोचण्याचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज काढले आणि पुढे पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या. ज्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी शाळा पाहिली नव्हती तेथे अक्षरओळख हाच मोठा पल्ला होता, आणि तो आधी गाठण्याचा निर्णय परिस्थितीला धरूनच होता. अनुमान व आशय यांचा विचार त्यामुळे पुढच्या पिढ्यांवर सोपवला गेला.

विषय आणि आशयसूत्र यांतील फरक मराठी मुलाला स्पष्ट करून देण्यास उत्तम उदाहरण रहिमतपूरनेच दिले आहे. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म १९२० मध्ये या गावी झाला. त्यांचे वडील शंकर केशव कानेटकर हे रविकिरण मंडळातील कवी गिरीश आणि पेशाने शिक्षक होते. कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकाचा विषय शिवकालीन रायगडावरील घडामोडी हा आहे, परंतु त्याचे सूत्र कर्तबगार पिता आणि तरुण पुत्र यांच्यातील दुरावा हे आहे. नाटक कशाविषयी आहे, असे विचारल्यावर विद्यार्थी ‘शिवाजी महाराजांविषयी’ एवढेच म्हणाला, तर तो विषयाशीच थांबला. पित्याला आणि पुत्राला परस्परांशी जे बोलायचे आहे ते बोलता का येत नाही, असे तो विचारू लागला, की तो आशयाकडे वळला.

पुणे येथे २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाल्यानंतर राज्यभर एकच पुस्तक आले आणि त्याबरोबर ठरावीक प्रश्नप्रकारही. ‘कोण कोणास म्हणाले’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हे प्रश्न पाठात शोधून उत्तर सापडणारे होते. ‘कारणे लिहा’ हा प्रश्न मात्र दुधारी होता: कारण पाठात लिहिलेले असेल तर तो स्मरणाचा प्रश्न ठरतो, आणि पात्राच्या वागण्यावरून ताडायचे असेल तर अनुमानाचा. व्यवहारात पहिलाच प्रकार अधिक विचारला गेला, कारण त्याचे उत्तर तपासणे सोपे असते.

या चौकटीला पर्याय देण्याचे दोन ठळक प्रयत्न सातारा जिल्ह्यात झाले. फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिचे कमला निंबकर बालभवन १९८६ मध्ये सुरू झाले. संपूर्ण बाराखडी संपण्याची वाट न पाहता मोजक्या अक्षरांच्या गटांतून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये लवकर वाचायला द्यायची, मुलाच्या बोलीला वर्गात जागा द्यायची आणि वाचलेल्याविषयी बोलायला लावायचे, हे त्या कामाचे सूत्र होते; म्हणजे अर्थ हा वाचनाचा शेवटचा टप्पा न मानता पहिल्या दिवसापासूनचा सोबती मानला गेला. दुसरा प्रयत्न कुमठे बीटचा. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट. या बीटमधील जिल्हा परिषद शाळांत प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून आणि अनुभवातून ज्ञान उभे करते या तत्त्वावरची पद्धत, राबवली गेली, राज्यभरातून शिक्षक ती पाहायला येऊ लागले आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात तिचे अनुकरण झाले. पुढे माध्यमिक वर्गांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली आणि तिच्यात ‘स्वमत’ या सदराखाली विद्यार्थ्याचे स्वतःचे मत मागितले गेले.

तथापि छापील तात्पर्य या बदलांतूनही टिकून राहिले, कारण बाजारातील गाईडांनी ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ या प्रश्नाप्रमाणे ‘स्वमता’चीही तयार उत्तरे छापली. यावरून या इतिहासाचा एक निष्कर्ष निघतो: तात्पर्य कोणी काढायचे हे पुस्तकापेक्षा परीक्षेतील गुणदान ठरवते. उत्तर ठरावीक शब्दांत आले म्हणून गुण मिळत असतील, तर ते पाठ केले जाणारच; उलट उत्तरापाठोपाठ ‘कशावरून?’ असे विचारून पाठातील खूण दाखवणाऱ्याला गुण मिळाले, तर दोन मुलांनी वेगवेगळी तात्पर्ये काढली तरी दोन्ही टिकू शकतात आणि आधार नसलेले तिसरे गळून पडते. मीमांसकांच्या सहा खुणांपैकी निदान तीन तरी चौथीच्या वर्गात सोप्या प्रश्नांच्या रूपाने विचारता येण्याजोग्या आहेत: गोष्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी काय बदलले, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली, आणि शेवटी कोणाला काय मिळाले. त्यासाठी नव्या पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. इसापचा जुना कोल्हाही पुरतो, फक्त त्याच्या खालची तात्पर्याची ओळ झाकून ठेवावी लागते.