रोपतंबू, गृहांतर्गत

घराच्या एखाद्या कोपऱ्यात कृत्रिम प्रकाशावर वनस्पती वाढविण्यासाठी, धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर अपारदर्शक कापड ताणून उभारलेला, आतून प्रकाशपरावर्तक अस्तर असलेला बंदिस्त कक्ष. उत्तरेकडील ज्या देशांत हिवाळ्यातील दिवस अत्यंत लहान असतो, तेथे पालेभाज्या, सुगंधी वनस्पती व रोपे तयार करण्यास तो विशेष उपयुक्त ठरतो.

सांगाडा समतल जागी उभारून आच्छादन चढविल्यावर माथ्याच्या आडव्या दांड्यांना दिवे टांगतात व रोपांच्या वाढीनुसार त्यांची उंची बदलण्याची तजवीज ठेवतात. प्रकाशसंश्लेषणास 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागत असल्याने, याच पट्ट्यातील प्रकाश व त्यामानाने कमी उष्णता देणारे एलईडी दिवे सांप्रत अधिक पसंत केले जातात. पालेभाज्यांना बहुधा 14 ते 16 तास प्रकाश देतात. मात्र फुलोरा येणे हे अनेक वनस्पतींत दिवस-रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते, हे गार्नर व ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये दाखविले असल्याने, पिकाची प्रकृती जाणूनच कालनियंत्रक लावणे इष्ट होय.

उष्ण हवा वर चढत असल्याने निष्कासक पंखा माथ्याशी व हवेचा प्रवेशमार्ग तळाशी ठेवावा लागतो. या वायुवीजनाच्या बंदोबस्तात हयगय झाल्यास आर्द्रता साचून बुरशी बळावते व कार्बन डाय-ऑक्साइडचा पुरवठा घटतो. 120 सेंमी. लांब, तितक्याच रुंद व 200 सेंमी. उंच तंबूत 2.88 घनमीटर हवा मावते. पंख्याची क्षमता या मापावरून ठरवितात. विजेच्या जोडण्या जमिनीपासून उंच व पाण्यापासून दूर ठेवणे अत्यावश्यक असते.