शून्य कोठे लावायचे? : डायल इंडिकेटरची निवड आणि तुलनेचा इतिहास

कारखान्यातील डायल इंडिकेटर घड्याळासारखा दिसतो. हे साम्य केवळ योगायोगाचे वाटत नाही. १८८३ मध्ये अशा उपकरणाच्या पेटंटासाठी अर्ज करणारे जॉन लोगन हे मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम या घड्याळनिर्मितीच्या गावचे होते. आज रूढ असलेल्या रचनेत स्पर्शदांडीची सूक्ष्म हालचाल दंतचक्रांमुळे कैकपट मोठी होऊन सुईपर्यंत पोचते. वाचन इतके सुलभ झाल्यामुळे ही सुई वस्तूचे माप सांगते, असा समज सहज होतो. वस्तुतः ती केवळ फरक सांगते.

हा फरक कशापासूनचा, याचे उत्तर प्रमाणाच्या इतिहासात शोधावे लागते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात इंचाचा दशलक्षांश भाग ओळखणारे यंत्र मांडले. त्यांचा भर डोळ्यापेक्षा स्पर्शावर होता. पुढे स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील बंदुकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ मध्ये गेज-ठोकळ्यांची कल्पना विकसित केली. प्रत्येक मापासाठी स्वतंत्र गेज ठेवण्याऐवजी त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे २०,००० मापे जुळवता येत. सुट्या भागांच्या परस्पर-बदलासाठी आवश्यक असलेले प्रमाण त्यामुळे एका पेटीत मावले.

इंडिकेटरची निवड म्हणूनच तबकडीपासून नव्हे, तर कामाच्या गरजेपासून सुरू व्हावी. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला एकूण ०.०२ मिलिमीटर सूट असेल, तर ०.०१ मिलिमीटरचे विभाग असलेल्या तबकडीवर ती सूट दोनच घरांत संपते. मापनाची अनिश्चितता सुटीच्या दहाव्या हिश्श्यात राहावी, हा संकेत पाळायचा तर येथे ०.००१ मिलिमीटर वाचणारे उपकरण हवे. मात्र मोठ्या संख्येने होणाऱ्या उत्पादनात भाग स्वीकारायचा की नाकारायचा, एवढाच प्रश्न असल्यास 'गो' व 'नो-गो' गेज पुरेसे ठरते. त्याच्या रचनेचे तत्त्व विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये मांडले.

सूक्ष्म वाचन म्हणजे अचूक वाचन नव्हे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. स्पर्शदांडी सपाट पृष्ठभागाच्या लंबापासून १० अंश कलली, तरी वाचनात सुमारे दीड टक्का फरक पडतो. मापनाचे संदर्भ-तापमान म्हणून २० अंश सेल्सिअस १९३१ मध्ये निश्चित झाले. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा त्याहून १० अंश अधिक तापला, तर सुमारे ०.०११ मिलिमीटरने वाढतो. अशा वेळी महागडी तबकडी दांड्याचा दोष नव्हे, तर खोलीचा उन्हाळा मोजत असते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा इतिहास परका वाटू नये. दोन साहित्यकृतींमधील अंतर आपण बारकाईने नोंदवतो. परंतु शून्य कोणत्या कृतीवर लावले, हे पुष्कळदा सांगत नाही. मग फरक हाच उणेपणा ठरतो. कारागीर भाग तपासण्यापूर्वी प्रमाण-ठोकळ्यावर सुई शून्याला आणतो आणि तपासणीनंतर ती पुन्हा तेथेच येते की नाही, हे पाहतो. तुलनेची विश्वासार्हता या परतीच्या फेरीवर अवलंबून असते.