अंकुशी रुपया, कंपनीचा रुपया आणि बट्टा

पिंपरी-चिंचवड व चाकण हा टापू आज मोटारींच्या कारखान्यांसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु पेशवाईंत चिंचवडास टांकसाळ होती, ही गोष्ट तेथील रहिवाशांसही क्वचितच ठाऊक असते. या बाजूच्या जुन्या घराण्यांचे रुमाल चाळतांना 'बट्टा' हा एक शब्द वाचकास वारंवार चकवितो. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आरंभीं आमचीच एक चूक सांगणें उचित होईल. चाकणकडील एका गृहस्थांनीं आपल्या पूर्वजाच्या कर्जफेडीचा कागद आम्हांस दाखविला. त्यांत भरणा एका रकमेचा, आणि जमा तीहून कमी. सावकारानें लबाडी केली, असा निर्णय आम्हीं तत्काळ देऊन टाकला. त्या सावकाराचे वंशज त्याच गांवीं नांदत असून आमचें बोलणें त्यांच्या कानीं गेलें. पुढें तोच कागद पुन्हां लावून पाहिला, तेव्हां भरण्याच्या रकमेमागें 'अंकुशी' व जमेपूर्वीं 'बट्टा' हीं अक्षरें स्पष्ट दिसलीं. आम्हांस त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागावी लागली. ही चूक दुसऱ्या कोणाकडून होऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु.

रुपया हा शब्द 'रूप्य' यापासून आला. ठसा मारलेलें नाणें या अर्थीं रूप्य शब्द पाणिनीनें सिद्ध केला आहे. परंतु ठसा हा नाण्याचें नांव सांगतो, मोल सांगत नाहीं. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचें चिन्ह असे. टांकसाळीचें नांव मुहियाबाद पुणें, आणि नांव मात्र दिल्लीच्या बादशहाचें. मोल ठरे तें सराफाच्या तराजूंत व कसोटीवर. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेंत फिरत, आणि त्यांच्या वजनांत व कसांत जो भेद असे, तोच बट्टा होय.

हें तत्त्व शिवछत्रपतींच्या दरबारींही मान्य होतें. इ. स. १६७४ मध्यें हेन्री ऑक्झिंडेन रायगडीं तहासाठीं आला असतां, इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें असें एक कलम इंग्रजांनीं मांडलें होतें. त्यावर उत्तर मिळालें त्याचा आशय असा कीं, कोणत्याही नाण्यास आम्ही बंदी करीत नाहीं. परंतु ज्यांत रयतेचें नुकसान होईल तें नाणें घेण्याची सक्तीही तिजवर करणार नाहीं.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेली, तरी अंकुशी रुपया लगेच गेला नाहीं. तो पुढेंही कांहीं वर्षें पाडला जात होता. पुढें इ. स. १८३५ च्या सतराव्या कायद्यानें कंपनी सरकारनें एकच रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे त्या वेळचा सरकारी एक तोळा. त्यांत शुद्ध चांदी अकरा-द्वादशांश, म्हणजे १६५ ग्रेन. कलकत्त्याचे १५ सिक्के रुपये म्हणजे कंपनीचे १६, हें प्रमाणही त्याच वेळीं ठरलें. सरकारी भरणा ज्या नाण्यांत व्हावयाचा तें नाणें हातीं नसलें, म्हणजे रयतेस सराफाचें दुकान गांठावें लागे. म्हणून बट्ट्यांत धातूच्या भेदाबरोबर गरजेचाही अंश असे.

आतां गणित पाहूं. उदाहरणार्थ असें धरा कीं, एका जुन्या रुपयाचें वजन १७१ ग्रेन असून कस कंपनीच्या रुपयाइतकाच आहे. तर त्यांत शुद्ध चांदी १५६ पूर्णांक तीन-चतुर्थांश ग्रेन निघेल, व तशा शंभर रुपयांचे कंपनीचे बरोबर ९५ होतील. हा शेंकडा पांच बट्टा. परंतु उलट बाजूनें कंपनीचे शंभर रुपये भरावयाचे असतील, तर जुने १०५ देऊन भागत नाहीं. १०५ रुपये व चार आण्यांहून किंचित् अधिक द्यावे लागतात. तेव्हां बट्टा वरून धरला आहे कीं खालून, हें कागदावरूनच ठरविलें पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, रुपयाच्या मागचें विशेषण नकलेंतून गाळूं नये. नाणें घासून उजळ करूं नये. त्यानें वजन घटतें, व सराफांच्या परीक्षेच्या खुणा पुसट होतात. कागदांच्या रुमालांत नाणीं सांपडलीं तर कोणतें नाणें कोणत्या कागदाजवळ होतें, याची टीप प्रथम करावी. या पट्ट्यांत जमिनी विकल्या जाऊन जुने वाडे पडत आहेत. नाणीं सोनाराकडे जातात व कागद रद्दींत. नाण्याचा जोड कोठें तरी मिळेल, परंतु कोणत्या घरानें तें कोणत्या भावानें घेतलें हें त्या रद्दींतच लिहिलेलें असतें. ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं मूळ आपल्याजवळच ठेवून नक्कल तेवढी करूं द्यावी. एखाद्या घराण्यावरचा खोटा डाग अशा एका नकलेनेंही धुतला जातो, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे.