दर्या, दऱ्या आणि एका कळीची गोष्ट

वाचकहो, दिवाळी अंकासाठी आलेले लेख तपासताना दरवर्षी एक गंमत होते. कोणीतरी गडकिल्ल्यांच्या भटकंतीवर सुंदर लिहितं आणि वाक्य येतं, ‘सह्याद्रीच्या खोल दर्या पाहून मन भरून आलं.’ लेखकाला म्हणायच्या असतात दऱ्या. छापून येणार असतो समुद्र. दुसऱ्या लेखात फराळासाठी ‘आचार्यांना’ बोलावलेलं असतं. आता लाडू वळायला गुरुवर्य येणार की आचारी, हे वाचणाऱ्याने ठरवायचं!

यात लेखकाचा दोष फार थोडा. आपण बोलताना ‘दऱ्या’ बरोबर म्हणतो, हाताने लिहितानाही बरोबर लिहितो. चूक होते ती कीबोर्डवर. ही चूक कुठून आली आणि ती आपल्याच हाताने कशी सुधारता येते, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात टाइपरायटरपासून करू. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढे आपल्या गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी ३० आणि ४० शब्द प्रति मिनिटाच्या परीक्षांसाठी बोटं बडवली गेली. तुमच्यापैकी काहींनी ती बडवलीही असतील. या यंत्राला भाषा कळत नव्हती, आकार कळत होते. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. रफार अक्षरानंतर, कारण तो वर बसतो. मोजक्या कळींत सगळी जोडाक्षरं मावणं शक्यच नव्हतं, म्हणून अर्धी अक्षरं ठेवली आणि ती जोडण्याचं काम माणसाच्या बोटांवर सोपवलं.

संगणक आला तेव्हा सुरुवातीचे बरेच मराठी फॉन्ट हीच सवय घेऊन आले. पडद्यावर मराठी दिसायची, पण आत फाईलमध्ये असायची इंग्रजी अक्षरं. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर सिंगापूरहून पुण्याला पाठवलेल्या लेखाची तिकडे रांगोळी विस्कटायची.

यावर उपाय निघाला तो अक्षराच्या आकाराऐवजी उच्चाराला धरून. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. १९९१ मध्ये इस्की ही भारतीय सांकेतिक प्रणाली प्रमाण झाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेला होता.

आता तुम्ही नकळत करत असलेली एक गोष्ट सांगतो. विंडोजच्या इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून ७ दाबलं की ‘क्ष’ उमटतो. युनिकोडमध्ये ‘क्ष’ असं एक अक्षर नाहीच. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं त्या एका कळीतून बाहेर पडतात. शिफ्ट आणि ५ मधून ज्ञ, ६ मधून त्र, ८ मधून श्र. एका कळीत साठवलेली अनेक कळींची मालिका, हीच मॅक्रोची मूळ कल्पना. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९७६ साली तयार झालेल्या ईमॅक्स या प्रसिद्ध संपादकाच्या नावातच ‘एडिटिंग मॅक्रोज’ दडलेलं आहे. म्हणजे तुम्ही दिवाळीच्या शुभेच्छांत ‘श्री’ लिहिता तेव्हा मॅक्रोच वापरता.

या इतिहासात आपल्या सिंगापूरचंही एक पान आहे. १९९५ मध्ये सिंगापूरच्या कवितांचं चार अधिकृत भाषांतलं संकेतस्थळ उभं राहिलं. तमिळ वेबवर आणण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. त्यामागे होते तमिळ लेखक आणि अध्यापक ना. गोविंदसामी आणि नॅशनल युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक टॅन टिन वी. १९९७ मध्ये तमिळ इंटरनेटवरची पहिली परिषदही इथेच भरली आणि तिथे कळफलक आणि सांकेतिक प्रणाली एक करण्यावर चर्चा झाली. दोन वर्षांनी तमिळनाडू सरकारने ‘तमिळ ९९’ हा कळफलक प्रमाण केला. भाषा घरापासून दूर असेल तर तिची कळही आपणच घडवावी लागते, हे या लोकांनी वेळेवर ओळखलं.

आणि गंमत पाहा. ‘दऱ्या’ मधला आपला अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये ज्या अक्षरापासून होतो, ते टिंबवालं ‘ऱ’ देवनागरीत ठेवलं गेलं ते तमिळसारख्या द्राविडी भाषांतला वेगळा र लिहिता यावा म्हणून. त्यालाच हलन्त जोडला की आपला ‘ऱ्’ तयार. इन्स्क्रिप्टवर तो शिफ्ट आणि जे या कळीवर आहे. तमिळ पाहुण्याने आपल्या घरात येऊन आपलंच अडलेलं काम करावं, तसं हे झालं.

पण शिफ्ट, मग हलन्त, मग य, हे बोटांना लक्षात राहत नसेल तर? तेव्हा स्वतःची कळ बनवा. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर फुकट मिळतं. त्यात आधी चालू मराठी कळफलक उघडायचा, मोकळी कळ निवडायची, तिच्यात ‘ऱ्य’ ही तीन चिन्हं भरायची (एका कळीत चारपर्यंत मावतात), तिथेच चाचणी घ्यायची आणि मग तो बसवायचा. याहून जास्त हवं असेल तर कीमॅन आहे. मार्क डर्डिन यांनी १९९३ मध्ये ते लाओ भाषेसाठी सुरू केलं आणि २०१७ पासून ते सगळ्यांसाठी मोफत आहे. त्यात नियम लिहिता येतात: अमुक अक्षरानंतर तमुक कळ आली तर असं उमटव. एक पथ्य मात्र पाळा. मूळ कळींची जागा हलवू नका, मोकळ्या जागाच भरा. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर तुमचीच बोटं तुम्हाला फसवतील.

एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू घेता येतात. त्या यादीत मराठी नाही. आपली बरीच मुलं हिंदी शिकतात, हिंदीच टाइप करतात. हिंदीत ‘ळ’ जवळजवळ लागत नाही, त्यामुळे लच्या कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ळ’ मिळतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक नसतं. मग आजीला शुभेच्छा जातात ‘दिवाली’च्या. कीबोर्डवर जे सापडत नाही ते लिहिण्यातून जातं, आणि लिहिण्यातून गेलेलं पुढे बोलण्यातूनही निसटतं.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर १७ वर्षांनी. तोवर लोकांनी ‘ॲप’ आणि ‘ॲडमिशन’ हिंदी ‘ऍ’ वापरून नाहीतर अ वर चंद्र चढवून भागवलं. भागवता येतं, पण जागा मागितली की मिळतेही, हेच त्यातून दिसतं.

तेव्हा या दिवाळीत फराळाचं ताट बाजूला सरकवून मुलांना घेऊन बसा. ळ, ऱ्य, ऱ्ह आणि ॲ यांच्या चार कळी त्यांच्याकडूनच बनवून घ्या. ती हे काम आपल्यापेक्षा लवकर करतील. आणि पुढच्या अंकासाठी लेख पाठवाल तेव्हा दऱ्या दऱ्यांच्या जागी असू द्या. दर्या आपल्याकडे भरपूर आहे, चारही बाजूंनी.