मद्रासची हेराल्ड: जुन्या ब्रिटिश गाडीची किंमत कशावर ठरते?

मागच्या महिन्यात चेन्नईहून मामांचा फोन आला. "अरे, हेराल्ड विकायची म्हणतोय. किती येतील रे?" मी म्हटलं, मामा, आकड्याआधी थोडा इतिहास ऐका. तोच आज तुम्हालाही सांगतो.

१९४८ साली मद्रासमध्ये स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी सुरू झाली. कारखाना वंडलूरला. आधी व्हॅनगार्ड, मग स्टँडर्ड एट आणि टेन, आणि १९६१ पासून हेराल्ड. विलायतेत ती १९५९ सालीच ट्रायम्फ हेराल्ड म्हणून आली होती. आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं दिलेला. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटायचं.

आता गंमत बघा. याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ साली स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. व्हॅनगार्डच्या इंजिनावर बेतलेलं १९९१ सीसीचं इंजिन टीआर-२ मध्ये होतं. म्हणजे मद्रासच्या या साध्या घरगुती गाड्या त्या नामांकित स्पोर्ट्स गाड्यांच्या चुलत बहिणीच.

पण किंमत? परमिट राजमध्ये ती रांग ठरवायची. नव्या गाडीला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनीलाही मान होता. १९८३ साली मारुती ८०० आली आणि तो मान गेला. १९८८च्या सुमारास स्टँडर्डचं उत्पादनही थांबलं. पार्ट मिळेनात. हेराल्ड भंगाराच्या भावात जाऊ लागल्या.

मग आज भाव कशावर ठरतो? लोकांना वाटतं, दुर्मिळतेवर. तसं नाही. एमजीबी ही गाडी ५ लाखांहून जास्त बनली, तरी तिला गिऱ्हाईक आहे. कारण इंग्लंडमध्ये तिची कोरी बॉडीसुद्धा आजही मिळते. जी गाडी दुरुस्त करता येते, तीच विकत घेण्याची हिंमत होते.

दुसरी गोष्ट गंज. चेन्नईची खारी हवा पत्रा आणि चासी आतून खाते. वरचा रंग पाहून भाव करणारा फसतो. इंजिन बदलता येतं, पण सडलेली चासी सरळ करायला गाडीच्या किमतीहून जास्त खर्च येऊ शकतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट अस्सलपणा. चासी नंबर, इंजिन नंबर आणि कागद जुळले पाहिजेत. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून अनेक ब्रिटिश गाड्यांच्या मूळ नोंदीचा दाखला मिळतो, आणि त्या एका कागदानं भाव वर जातो. आपल्याकडे २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो. नोंदणीची फी २०,००० रुपये. अट एकच, पण कडक: चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

इथे मामा गप्प झाले. १९९०च्या दशकात त्यांनी हेराल्डमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, गाडी रोज ऑफिसला न्यायची होती. मी विचारलं, "जुनं इंजिन कुठे आहे?"

"मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होतं. गेल्या पावसाळ्याआधी भंगारवाल्याला दिलं. किलोवर."

मंडळी, गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा त्या तराजूत गेला. तसलंच दुसरं इंजिन मिळेलही, पण तो नंबर परत येणार नाही.

तरी सगळं संपलेलं नाही. आजोबांच्या नावाची पावती, पहिलं आरसी बुक आणि गाडीशेजारी उभ्या आजीचा फोटो ट्रंकेत सापडले. मामा म्हणाले, "आता विकायचं नंतर बघू. आधी चासी बघून घेतो."

तुमच्याही अंगणात ताडपत्रीखाली काही असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावरचा नंबर वाचा. भेटू पुढच्या भागात.